उपाध्यक्षाच्या तोंडची वाक्यं

अवरेकाई बाजारात आली की मला अमेरिका आठवते. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही हे मला कळतं. पण कार्तिकात बंगळूरच्या सकाळी धुकं रेंगाळायला लागतं, आनेकलहून येणाऱ्या बसच्या टपावर पावट्याच्या या शेंगांची पोती दिसायला लागतात, आणि घराघरांत सोलणं सुरू होतं. शेंगांचा तेलकट, थोडा मातकट वास हातांना लागला की दोन दिवस जात नाही. कन्नडात त्या वासाला सोगडु असा नेमका शब्द आहे. मराठीत मला तो कधी सापडला नाही, आणि मराठीत शब्द न सापडण्याची बोच मला फार जुनी आहे.

यंदा, म्हणजे या अडुसष्ट साली, शेंगा आल्या आणि त्याच सुमाराला अमेरिकेची निवडणूकही आली. गेल्या महिन्यात पेपरात एक फोटो पाहिला. आठ वर्षांपूर्वी थोडक्यात हरलेला तो उपाध्यक्ष पुन्हा उभा होता. हात वर करून हसत होता. जुनी ओळख निघाल्यावर बरं वाटतं तसं मला काहीच वाटलं नाही. मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर मी त्या माणसावर जळत होते. बंगळूरच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईनं अमेरिकेच्या माजी उपाध्यक्षावर जळावं हे ऐकायलासुद्धा कसंतरी वाटतं. पण मी जळत होते, आणि त्याला कारण होतं.

माझे वडील, अण्णा, सर्व्हे खात्यात नकाशे काढत. तीस वर्षं त्यांनी म्हैसूर राज्याच्या नद्या, तलाव आणि गाडीवाटा बारीक टाकानं कागदावर उतरवल्या, आणि त्यातच डोळे गेले. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनला ते तयार होईनात. उजेड, सावल्या आणि माणसाची उंची एवढंच त्यांना कळे. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता, त्यावर ते बोट ठेवून बरोबर गाव दाखवत.

आमचं घराणं बंगळूरला किती पिढ्यांपूर्वी आलं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. शहाजीराजांबरोबर आलो असं अण्णा म्हणत. एवढ्या वर्षांत आमची मराठी शेजाऱ्यांच्या सोबतीनं वाढली. तिच्यात कन्नड इतकं मिसळलं की कोणता शब्द कुठला हे आम्हालाच कळेनासं झालं. अण्णांना त्याची खंत होती. म्हणून घरात एक रिवाज होता. पेपर यायचा इंग्रजी, पण तो मोठ्यानं वाचायचा मराठीत. नजरेनं इंग्रजी उचलायचं आणि तोंडानं मराठी बोलायचं, मध्ये थांबायचं नाही. अण्णांचे डोळे गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून आले की कॉफी, मग खिडकीजवळ अण्णांची वेताची खुर्ची आणि तिच्या डाव्या हाताला माझं स्टूल. दिवसातला तो एक तास फक्त माझा असे.

साठ सालच्या पावसाळ्यात घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पुण्याचं कुटुंब भाड्यानं आलं. वडील विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांची मुलगी वसुधा माझ्याच वयाची, माझ्याच कॉलेजात. पहिल्याच आठवड्यात ती साखर मागायला आली आणि मी वाचत होते ते ऐकत दाराशी उभी राहिली. मी वाचत होते, "पाऊस स्वल्प कमी झाला, धरणात पाणी साकष्ट आहे."

"स्वल्प?" ती हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आज मला मान्य आहे. "हे काय ग, कीर्तन का? आणि साकष्ट म्हणजे?"

"पुरेसं," मी म्हणाले.

"मी वाचू का थोडं? अण्णा, वाचू?"

ती त्यांना सरळ अण्णा म्हणाली. काका नाही, साहेब नाही. स्टुलावर बसलीसुद्धा. मग तिनं वाचलं. तिच्या तोंडून इंग्रजी बातमी अशी मराठी होऊन आली की जणू पुण्यातच घडली होती. अण्णा पुढं वाकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वा. तुझी भाषा ऐकत बसावंसं वाटतं, बाळ." तीन वर्षं मी वाचत होते. मला असं कधी म्हणाले नव्हते. ते "सरी, पुढं वाच" एवढंच म्हणत, सरी म्हणजे कन्नडातलं बरं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. आठवडाभरानं स्टुलं दोन झाली. तिचं उजव्या बाजूला, आणि उजव्या कानानं अण्णांना जास्त ऐकू येई. मी ते मोजलं होतं.

मत्सर कसा असतो हे मी त्या ऋतूत शिकले. तो मोठमोठ्या गोष्टींवर येत नाही. वसुधाचं रूप, तिच्या वडिलांचा पगार, तिचे सँडल, यांचं मला काही वाटत नव्हतं. ती 'नाही का' म्हणताना आवाज जरा खाली आणायची, त्याचं वाटे. मी अंघोळ करताना तसं म्हणून पाहायची आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. आजही एखादी बाई बसमध्ये तसं 'नाही का' म्हणाली की मी खिडकीबाहेर बघते.

नवरात्र आलं. घराघरांत बाहुल्या पायऱ्यांवर बसल्या, आणि पेपरात अमेरिकेच्या निवडणुकीला रंग चढला. अण्णांना त्यात फार गोडी होती. आपली निवडणूक आपल्याला पाठ असते, म्हणत, दुसऱ्याची बघावी. एका बाजूला आठ वर्षं उपाध्यक्ष राहिलेला, अनुभव सांगणारा माणूस. दुसऱ्या बाजूला श्रीमंत घरातला देखणा तरुण. देश पुन्हा चालता झाला पाहिजे, म्हणणारा. रशियाची रॉकेटं पुढं गेली की अमेरिकेची, चीनच्या किनाऱ्याजवळची दोन चिमुकली बेटं राखायची की सोडायची, कोठारांत साठलेल्या गव्हाचं काय करायचं, खाणावळीच्या बाकावर बसून राहणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांना वाढायचं की नाही, आणि त्या तरुणाचा कॅथलिक धर्म. शेवटच्या गोष्टीचं आम्हाला नवल वाटे. कंटोन्मेंटात चर्चला चर्च लागून होती, आमचा पोस्टमन कॅथलिक होता, त्यात भिण्यासारखं काय?

"देव एकच, येशू एकच, तरी भीती," अण्णा म्हणाले. "माणसं इथून तिथून सारखीच. खाणावळीचं काय सांगतेस, आपल्या इथंही हॉटेलात ब्राह्मणांसाठी वेगळी खोली होती. मी तिथंच बसून कॉफी प्यायलोय."

मग त्यांनी वाटणी केली. "दोघे उभे आहेत, तुम्ही दोघी आहात. एकेकीनं एकेकाचं वाचायचं. वसुधा, तुला कोण हवा?"

तिनं फोटो पाहिला आणि तरुणाला घेतलं. माझ्या वाट्याला उरलेला आला.

त्यातच त्या दोघांचा टेलिव्हिजनवर वाद झाला. आमच्यापैकी कुणी टेलिव्हिजन पाहिला नव्हता. पेपरात लिहिलं होतं की उपाध्यक्ष आजारातून उठले होते आणि दिव्यांखाली फिकट दिसत होते. वसुधानं ते इतकं रंगवून वाचलं की अण्णांना हसू आवरेना. "सरोजा, तुझ्या माणसाला घाम फुटला ग," ती म्हणाली. अण्णा आणि ती मिळून हसत होते. माझा माणूस, मला नको असताना माझ्या गळ्यात पडलेला, घामेजून उभा होता, आणि त्याच्या बाजूनं बोलणारं जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

माझी पाळी आली. छापलेलं होतं ते आकडे होते, इतकी घरं बांधली, इतक्या शाळा. मी ते वाचलं आणि तोंड बंद व्हायच्या आत म्हणाले, "पुढं ते म्हणाले, माझा चेहरा तुम्हाला आवडला नसेल. पण मी हा देश पायांनी फिरलोय. ज्यानं जमीन पायाखाली घातली नाही, त्यानं तिचा नकाशा काढायला बसू नये."

अण्णा हसायचे थांबले. "काय म्हणाला? स्वल्प थांब. परत वाच."

परत वाचायचं म्हणजे आठवायचं. कसेबसे तेच शब्द तसेच म्हटले. अण्णांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. "हा मनुष्य बरा दिसतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी पेन्सिल जवळ ठेवायला लागले. अण्णा 'परत वाच' म्हणाले तर चुकायला नको म्हणून माझी वाक्यं पेपरच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवायची. दुपारी कॉलेजात प्राध्यापक काहीतरी सांगत असायचे आणि मी अमेरिकेच्या उपाध्यक्षाला संध्याकाळी काय बोलायला लावायचं याचा विचार करत असायची. अण्णांना काय आवडतं ते मला जगात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. वसुधाला भाषा येत होती, मला अण्णा येत होते.

गव्हाच्या प्रश्नावर माझा उपाध्यक्ष म्हणाला, आपल्या घरात धान्य आहे आणि शेजारच्या चुलीतून धूर निघत नाही, हे ज्याला जेवताना आठवतं त्यालाच देश सांभाळायला द्या. दिवाळीच्या सुमाराला बेटांचा वाद तापला. पेपरात सैन्याची, तहांची भाषा होती. मी वाचलं, "बेट लहान आहे म्हणून ते पुसून टाकू नका. चारी बाजूंनी दुसऱ्याचं पाणी असतं, पिढ्यानुपिढ्या ते पाणी त्याला झिजवतं, तरी ते आपली मूठभर माती सोडत नाही. त्याच्याकडे बघून हसू नका." शेवटचं वाक्य मी कुणाला उद्देशून म्हटलं हे मला माहीत होतं. अण्णांनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

मी जिंकले होते, असं वाटायला हवं होतं. पण व्हायचं ते भलतंच झालं. अण्णा उठता-बसता उपाध्यक्षाचं कौतुक करू लागले. पार्कात संध्याकाळच्या रेडिओपाशी म्हातारे जमत, त्यांना सांगू लागले. घरमालक म्हणून भाडं घ्यायला गेले तर वसुधाच्या वडिलांनाही बेटांचं सांगून आले. "काय बोलतो तो. बोलावं तर असं." वसुधा वाचायची तर तिच्या आवाजाचं कौतुक. मी वाचायची तर उपाध्यक्षाच्या विचारांचं. माझ्यासाठी तेच, सरी, पुढं वाच. माझीच वाक्यं चोरून तो माणूस सात समुद्रांपलीकडे माझ्या वडिलांचा लाडका होऊन बसला होता. आणि मला तक्रारसुद्धा करता येत नव्हती, कारण ती वाक्यं त्याच्या खिशात मीच घातली होती.

कार्तिकात शेंगा आल्या. आई ताटात अवरेकाई घेऊन दाराशी बसलेली असे, भिजवलेला एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून टुपकन बाहेर काढत. एका संध्याकाळी तिनं मला कॉफी आणायला पाठवलं. परत आले तर वसुधाच्या हातात माझा पेपर होता. तिनं पान उलटून पाहिलं, कडेची पेन्सिल पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मग पेपरची घडी घालून माझ्या स्टुलावर ठेवली आणि आईच्या ताटातले दाणे सोलायला बसली. बोलली काहीच नाही. मी वाट बघत होते. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर. ती बोलली असती तर मला भांडता आलं असतं. तिनं चांगुलपणा दाखवला, आणि आता मला त्याचाही हेवा करावा लागला.

निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी आपलं मत जाहीर केलं. "मला विचाराल तर उपाध्यक्ष," ते म्हणाले. वसुधानं टाळी वाजवली आणि मला कोपरानं ढोसलं. निकाल मात्र दोन दिवस लागेना. शेवटी तिनंच तो वाचला. तिचा तरुण निवडून आला होता, मतांचा फरक अगदी थोडा होता.

"हरला," अण्णा म्हणाले. "चांगलं बोलायचा पण."

बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेला आई धरून आम्ही चौघं गेलो. कडलेकाई परिषे, कार्तिकातला शेवटचा सोमवार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या भुईमुगाचे ढीग. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. एका ढिगाशी थांबून त्यांनी कोमट शेंगा मुठीत घेतल्या आणि म्हणाले, "पहिली मूठ निवडून आलेल्या माणसाला. वसुधा, हात पुढं कर." त्यांचा दुसरा हात माझ्याच खांद्यावर होता. मला ते तेव्हा दिसलं नाही. मला फक्त ती मूठ दिसली.

पुढं मी वाक्यं घालणं सोडलं. हरलेल्या माणसाला कोण कशाला बोलतं करील? छापलेलं असेल तेवढंच वाचायचं ठरवलं, आणि ते पाळलं. वसुधाचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर अमेरिकेलाच गेली. निळ्या हवाई पत्रांतून अण्णांना लिहू लागली. ती पत्रंही मीच वाचून दाखवायची, तिच्या त्या सुंदर मराठीत.

त्रेसष्ट सालच्या कार्तिकात तिच्या तरुणाला गोळी घातली. ती बातमीही मीच वाचली. आई पदर तोंडाशी धरून बसली होती. अण्णा म्हणाले, "वसुधाला किती लागलं असेल." आणि अशा दिवशीसुद्धा तो जुना काटा मला टोचला. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे.

आता आई नाही. वसुधाच्या खोल्यांत दुसरे भाडेकरू आहेत. अण्णांना आता सावल्याही दिसत नाहीत. स्टूल एकच आहे, तेही मी उजव्या बाजूला सरकवलंय. यंदाच्या निवडणुकीचं सगळं मी त्यांना इमानानं वाचून दाखवलं. आशियातलं ते न संपणारं युद्ध, पेटलेली शहरं, दक्षिणेकडून उभा राहिलेला तिसरा उमेदवार. आणि तो आमचा जुना उपाध्यक्ष, कायदा आणि सुव्यवस्था यावर बोलणारा. अण्णा ऐकायचे, मान हलवायचे. मध्ये एकदा म्हणाले, "हा म्हातारा झाला का ग? पूर्वीसारखं बोलत नाही."

मी पान उलटून पुढची बातमी वाचली.

काल निकाल आला. तो जिंकला, यंदाही थोडक्यात. मी संध्याकाळी अवरेकाईचं ताट मांडीवरून खाली ठेवलं, हात पुसले आणि त्याचं विजयाचं भाषण जसं छापलं होतं तसं वाचलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"असलं नको," ते म्हणाले. "साठ साली बोलायचा तसं वाच."

"तसं यात नाही, अण्णा."

"तेव्हा तरी कुठं होतं?"

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला.

"वसुधानं मला तेव्हाच सांगितलं," अण्णा म्हणाले. "पेपरात बेटांचं असं काही नाही, म्हणाली. मी म्हटलं, ठाऊक आहे. पार्कात इंग्रजी बातम्या ऐकतो की मी. म्हटलं, तिला कळू देऊ नको हं, कळलं तर थांबेल. तरी तू थांबलीसच." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं, नकाशावर फिरवत तसं. "मी मत त्या माणसाला दिलं नव्हतं ग."

आठ वर्षं मी ज्या शब्दाची वाट पाहिली तो हाच होता. आणि तो कानावर पडताच माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आनंद नव्हे. वसुधाला हे माझ्याआधी आठ वर्षं माहीत होतं, हे आलं. ती दोघं माझ्या पाठीमागे एवढी मोठी गोष्ट सांभाळून होती, आणि तिच्या प्रत्येक पत्राखाली ती लिहायची, 'सरोजा अजून वाचते ना?' ते मी सहज विचारलेलं समजत होते. आनंद त्याच्या मागून आला, जरा उशिरानं, आणि मग मात्र डोळ्यांतून खाली उतरला.

"मग आठ वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू त्यातून मन काढून घेतलंस असं वाटलं. मागून घ्यायचं कसं?" अण्णा म्हणाले. "आज तो जिंकलाय. काहीतरी बोलला असेलच. सरी, वाच आता."

हे वसुधाला पत्रात कळवायचं नाही, एवढं मी तिथल्या तिथं ठरवलं. मग डोळे पुसले. बोटांना शेंगांचा वास होता. पेपरची घडी घातली, मांडीवर ठेवली, आणि वाचायला सुरुवात केली.